घोडी मेली आणि मी रडलो : गेममधल्या पात्रांत जीव कसा अडकतो?

पंचगंगातीरी (धागाकर्ता)

मंडळी, स्पॉयलर इशारा आधीच देतो. 'रेड डेड रिडेम्प्शन २' किंवा 'द लास्ट ऑफ अस' खेळायचे राहिले असतील तर इथूनच मागे फिरा, नंतर बोंब मारू नका.

झालं असं. परवा पहाटे पावणेतीनला मी, वय वर्षे ३४, एका मुलीचा बाप, हॉलमध्ये अंधारात बसून डोळे पुसत होतो. बायको पाणी प्यायला उठली. तिला वाटलं गावाकडून फोन आला. "कोण गेलं?" म्हणाली. मी म्हटलं, "कापशी." "कोण कापशी?" "घोडी." ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग काही न बोलता झोपायला गेली. सकाळी चहावर हा किस्सा आईच्या कानावर गेला आणि आता घरात मला चहा देतानासुद्धा 'घोडेवाले' म्हणतात.

'रेड डेड २' आला ऑक्टोबर २०१८ मध्ये. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांचं खेळून झाल्यावर. १८९९ ची अमेरिका, डच नावाच्या म्होरक्याची टोळी आणि त्या टोळीतला आर्थर मॉर्गन म्हणजे आपण. आर्थरला क्षय होतो आणि शेवटी तो जातो, हे मला मीम्समधून केव्हाच कळलं होतं. त्यामुळे त्याच्यासाठी मनाची तयारी होती. घोडीची नव्हती.

पश्चिमेकडे बर्फाळ डोंगरात लेक इझाबेला नावाचं तळं आहे. तिथे एक पांढरी अरबी घोडी फिरत असते. बर्फात पांढरी, त्यामुळे आधी दिसतच नाही. दिसली तर पळते. दबकत जायचं, थांबायचं, लांबून चुचकारायचं, पुन्हा दोन पावलं. मला तिनं चार वेळा पाडलं. शेवटी वळली. नाव ठेवलं कापशी, कापसासारखी म्हणून. (आमच्याकडच्या लोकांना चपलेची कापशी आठवेल. तीही चालेल.) मग पुढचे साठ-सत्तर तास मी काय केलं, तर तिला खरारा. चिखलातून आली की खरारा. गाजर. साप दिसला की ती बिथरायची, मग मानेवर थाप. गेममध्ये घोड्याशी जवळीक चार पायऱ्यांनी वाढते, मी चौथीवर होतो.

शेवटच्या मिशनमध्ये पाठलाग होतो, गोळ्या सुटतात आणि घोडा कोसळतो. सोबतचा जॉन घाई करत असतो. आर्थर मात्र गुडघ्यावर बसतो, तिच्या मानेवर हात ठेवतो आणि 'थँक यू' म्हणतो. बस, दोन शब्द.

माझा प्रश्न असा. आर्थरला इतके संवाद, रॉजर क्लार्कचा इतका सुंदर आवाज. कापशीला एक ओळ नाही. तरी आर्थर गेला तेव्हा मी गप्प बसलो आणि तिच्यासाठी रडलो. हे कसं काय? तुमचं कुणासाठी असं झालंय?

तिरकस_तात्या

भावपूर्ण श्रद्धांजली. दहावं कुठल्या घाटावर? (दिवे घ्या हो.)

खडूस_काका

धागा वाचला. स्पष्ट बोलतो, राग नसावा. आमचे आजोबा शेतकरी. सर्ज्या बैल गेला तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. त्याला दुःख म्हणतात. पडद्यावरच्या ठिपक्यांसाठी रडायला आजच्या पिढीला वेळ आहे, शेजारी कोण राहतं ते मात्र माहीत नाही. घोडीचं सोडा, आईला शेवटचा फोन कधी केलात?

पंचगंगातीरी

काका, आई माझ्याच घरात राहते. तीच तर घोडेवाले म्हणते.

कॅफेतला_मुक्काम

धागाकर्त्याला अनुमोदन. आमचं शिक्षण सांगलीतल्या एका सायबर कॅफेत, तासाला १५ रुपये, पंखा एक आणि कॉम्प्युटर आठ. तिथला अनुभव सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं.

'व्हाइस सिटी' या गेमचा नायक टॉमी आम्ही सगळे खेळलो. शर्ट भारी, गाड्या भारी, गाणी भारी. पण टॉमी मेला तर काय? हॉस्पिटलच्या दारात पुन्हा उभा. त्याच्याबद्दल कुणाला काडीचं वाटलं नाही. मग 'सॅन अँड्रियास' आला (२००४ चा, आमच्याकडे पोचायला वेळ लागला) आणि सीजे आला. याला खायला घालावं लागायचं. नुसतं पिझ्झा-बर्गर चारलं तर ढेरी सुटायची आणि रस्त्यावरचे लोक त्यावरून बोलायचे. जिमला न्यायला लागायचं. केस कापायचे, कपडे घ्यायचे. माझा सीजे बारीक, शेजारच्या पीसीवरच्या पोराचा सीजे बैल. आम्ही एकमेकांच्या सीजेला नावं ठेवायचो, जशा बायका एकमेकींच्या पोरांना ठेवतात.

टॉमी रॉकस्टारचा (गेम काढणाऱ्या कंपनीचा) होता, सीजे आमचा होता. फरक एवढाच की याचं करावं लागायचं. कथा तर आम्हाला दोन्हींची कळली नव्हती, इंग्रजी कुणाला येत होतं!

ता.क. ट्रेनवाल्या मिशनमध्ये सीजेचा साथीदार बिग स्मोक सगळं खापर सीजेवर फोडतो ना, तेव्हा मला खरोखर राग यायचा. गोळ्या याच्या चुकतात आणि ऐकून आमच्या पोरानं घ्यायचं.

तिरकस_तात्या

'आमच्या पोरानं' +१. मेलो हसून.

बग_नव्हे_फीचर

मी पुण्यात गेम बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये काम करते. स्वयंपाकघरातली गुपितं सांगते. वाईट वाटलं तर वाटू द्या.

सोबतचं पात्र तयार करताना पहिली भीती असते ती, ते नकोसं होण्याची. दारात अडून राहतं, शत्रूच्या समोर जाऊन उभं राहतं, आपण लपलोय आणि हे मोठ्यानं बोलतंय. खेळणारा शिव्या घालतो. म्हणून आम्ही लबाडी करतो. 'द लास्ट ऑफ अस'मध्ये तुम्ही दबा धरून बसलेले असताना सोबतची मुलगी एली शत्रूच्या नाकासमोरून पळाली तरी त्याला ती दिसत नाही. मुद्दाम तसं केलंय, तिच्यामुळे तुम्ही पकडले गेलात तर तुम्हाला तिचा तिटकारा येईल म्हणून. 'बायोशॉक इन्फिनिट'मधली (२०१३) एलिझाबेथ पुढची पायरी. तुमच्या गोळ्या संपत आल्या की ती हाक मारून तुमच्याकडे गोळ्या फेकते. लढाईत तिला सांभाळावं लागत नाही, उलट तीच तुम्हाला सांभाळते. चार-पाच वेळा असं झालं की खेळणाऱ्याला ती आपली वाटायला लागते. ऋणाईत माणूस जीव लावतोच.

आणि मान वळवणं! पात्राची नजर योग्य वेळी योग्य गोष्टीकडे वळली की निम्मं काम झालं. तुम्ही खोलीत शिरलात आणि ते तुमच्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिलं, तर लाखभर शब्दांचे संवाद लिहा, ते मेलेलंच वाटतं.

काका, ठिपक्यांबद्दल म्हणालात म्हणून. १९४४ मध्ये हायडर आणि झिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. त्यात होतं काय, तर दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक उघडझाप होणारा चौकोन. लोकांना काय दिसलं ते विचारलं. त्यांनी चक्क गोष्ट सांगितली. मोठा त्रिकोण दांडगट, वर्तुळ घाबरलेलं, छोटा त्रिकोण तिला वाचवतोय. चेहरे नाहीत, आवाज नाही. नुसतं कोण कुणाच्या मागे जातं, एवढ्यावर. तेव्हा ठिपके पुरतात हो. भातुकलीतल्या बाहुलीला ताप येतो, तो कुणी आणलेला असतो?

खडूस_काका

मग तुम्हीच म्हणताय की ही फसवणूक आहे.

बग_नव्हे_फीचर

हो. तमाशातला राजा पण शेतमजूर असतो. तिकीट काढून फसतो आपण.

पोळीभाजी

मी गेम खेळत नाही, लेकीमुळे वाचतेय. लेक नऊ वर्षांची, माइनक्राफ्ट खेळते. त्यात लांडग्याला हाडं टाकत राहिलं की तो माणसाळतो, गळ्यात लाल पट्टा येतो, कुत्रा होतो. 'बस' म्हटलं की बसतो. तिच्या कुत्र्याचं नाव मोती. मोती चौकोनी ठोकळ्यांचा आहे, चेहरा म्हणावा असा चेहराही नाही.

मागच्या महिन्यात मी कणीक मळत होते. आतून आवाज नाही, काही नाही. आमच्याकडे पोरगी शांत म्हणजे काहीतरी बिनसलंय. कणकेच्या हातानं गेले तर ही टॅबलेट मांडीवर ठेवून बसलेली, डोळ्यांतून धारा. मोती तिच्या मागे मागे येत होता आणि लाव्हात पडला. मी म्हटलं, अगं दुसरा आण, हाडं आहेत ना तुझ्याकडे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

मग तिनं घराच्या मागे खड्डा केला, वर दगड रचले, भोवती पिवळी फुलं लावली आणि पाटीवर मोतीचं नाव लिहिलं. खड्ड्यात ठेवायला काही नव्हतं, तो लाव्हात गेलेला. म्हणून तिनं एक हाड ठेवलं. त्याच्यासाठी राखून ठेवलेलं.

नंतर म्हणाली, "मी त्याला बस म्हणायला विसरले." तेच तिला लागलं होतं.

पंचगंगातीरी

ताई, हे वाचून मुलीला जाऊन बघून आलो. झोपली आहे.

'बस म्हणायला विसरले' यावर थांबलोय. मीही तेच करत बसलोय. दुसऱ्या वाटेनं गेलो असतो तर? पण गेममध्ये दुसरी वाटच नाही, घोडा मरतोच. तरी वाटतं.

रात्रपाळी

मी छातीच्या विकारांची डॉक्टर. ड्यूटी संपल्यावर तासभर खेळते, त्यामुळे हा गेम संपवायला मला दीड वर्ष लागलं. घोडीवर सगळे बोलले, मी आर्थरच्या खोकल्यावर बोलते.

आठवतं का, क्षय त्याला कुठून होतो? गेमच्या सुरुवातीच्या भागात टोळीतला स्ट्राउस त्याला वसुलीला पाठवतो. थॉमस डाउन्स नावाचा एक खंगलेला शेतकरी, कुंपणापाशी काम करत असतो. बायको-मुलगा बघतायत. त्याला मारायचं. आणि मारण्याचं बटण आपण दाबतो. मी दाबलं. पैसे वसूल करायचे, मिशन पूर्ण करायचं, पुढे जायचं. तो खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. मी डॉक्टर असून मला तेव्हा काही वाटलं नाही. हसत होते बहुतेक.

पुढे कित्येक तासांनी गेममधल्या सेंट डेनिस शहराच्या रस्त्यावर आर्थर कोसळतो, डॉक्टर निदान सांगतो आणि मला ते कुंपण आठवलं. तिथे माझ्या पोटात खड्डा पडला. सिनेमात नायकानं मारलं असतं तर मी नायकाला दोष दिला असता. इथे बोट माझं होतं.

कोखनं क्षयाचा जंतू १८८२ मध्ये शोधला होता, म्हणजे १८९९ च्या त्या डॉक्टरला आजार नेमका माहीत आहे, हातात औषध मात्र काहीच नाही. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चं दशक उजाडायचं होतं. साधा क्षय आज सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आमच्याकडे फुकट मिळतात. मी रोज पेशंटना ओरडते, गोळ्या मध्येच सोडू नका म्हणून. आणि घरी येऊन या माणसाला जिना चढताना थांबलेला बघते, त्याचे गाल बसलेले, कितीही खायला घाला, वजन धरत नाही. एक दिवस ओपीडीत एक पेशंट कपडे घालताना तसाच भिंतीला टेकून उभा राहिला आणि मी त्याच्याशी नेहमीपेक्षा हळू बोलले. बाकी काही नाही.

(एका खोकल्यानं क्षय होतो का, हा प्रश्न मला घरच्यांनी विचारलाय. सहसा बराच सहवास लागतो. पण लेखकाला तेवढी सूट देऊ.)

जोएलचा_पुतण्या

बोटाचा विषय निघालाच आहे तर 'लास्ट ऑफ अस २' (२०२०) चं कुणी बोलणार का नाही? पहिल्या भागात गेमवाल्यांनी जोएलला, म्हणजे एलीला सांभाळणाऱ्या नायकाला, आपला बाप केला. दुसऱ्यात दोन तासांत गोल्फच्या काठीनं मारला. आणि मग ज्या ॲबीनं मारला, तिच्याच अंगात आपल्याला घालून अर्धा गेम खेळायला लावला! थिएटरमध्ये ॲबी आणि एली समोरासमोर येतात आणि आपल्याला ॲबी होऊन एलीला मारायला सांगतात. मी कंट्रोलर खाली ठेवला. एलीनं मला मारलं. पुन्हा सुरू. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मी मुद्दाम उभा राहिलो. अखेर पुढं जायचं म्हणून दाबलं, पण ही जबरदस्ती आहे. डाउन्सचं ठीक, तेव्हा ओळख नव्हती. एलीशी आमची सात वर्षांची ओळख.

उलटा_चष्मा

अरे पण तू तिसऱ्यांदा मुद्दाम मार खाल्लास, हे तू विसरणार आहेस का? त्यांना हेच तर हवं होतं. मला ॲबी शेवटी आवडली. तिच्या कुत्र्याशी खेळलो, तोच कुत्रा आधी एली होऊन मारला होता. तेव्हा कळलं आपण काय करत होतो.

फसलेलं म्हणायचं तर एवढंच, की तुला दिलेली ओळख फार उशिरा आली. राग आधी येऊन बसला, आणि बसलेला पाहुणा उठवायचा म्हणजे कठीण.

आणि एक. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला लोकांनी जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. जीव लावण्याच्या नावाखाली हे कुणी खपवू नये. पात्रावर प्रेम केलंत म्हणून कलाकाराची मालकी मिळत नाही.

जोएलचा_पुतण्या

धमक्यांबद्दल शंभर टक्के मान्य. ॲबीबद्दल नाही.

पण पहिल्या भागातलं जिराफाचं सांगतो. गेमभर काय चालतं? भिंत आली की जोएल हात जोडून उभा, एली त्यावर पाय ठेवून वर, वरून शिडी खाली. पन्नास वेळा. कंटाळा येतो. शेवटी सॉल्ट लेक सिटीत जोएल तसाच जाऊन उभा राहतो आणि एली येत नाही. लांब बसलीय, हरवलेली. हाक मारावी लागते. मग ती वर चढते, शिडी पकडते आणि काहीतरी बघून शिडी टाकून पळत सुटते. पुढे गेल्यावर जिराफ. लोक जिराफांचे फोटो टाकतात, मला शिडी आठवते.

बग_नव्हे_फीचर

शिडीला सलाम. हीच खरी कारागिरी. सवय लावायची आणि एकदाच मोडायची.

याच जातीचं आणखी एक, माझ्या मते सगळ्यात भारी. 'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स', २०१३, जोसेफ फारेसचा. तीनेक तासांचा गेम. डाव्या अंगठ्यानं थोरला भाऊ चालवायचा, उजव्यानं धाकटा. प्रत्येकाला एकच बटण. सुरुवातीला मेंदूची कढी होते, हा इकडे जातो, तो तिकडे. धाकट्याची आई पाण्यात बुडालेली, तो पाण्याला घाबरतो, म्हणून पोहताना तो थोरल्याच्या पाठीवर. पुढे थोरला जातो. तुमचा डावा हात रिकामा होतो. अक्षरशः रिकामा, अंगठा स्टिकवर असतो आणि काही हलत नाही. शेवटी धाकट्याला एकट्याला पाणी ओलांडायचंय. त्याचं बटण दाबता, तो मागे सरकतो. कुणी सांगत नाही काय करायचं. आणि मग तुम्ही न ठरवता थोरल्याचं बटण दाबता. तो पोहायला लागतो.

मी हे ऑफिसात सगळ्यांना खेळायला लावते. आत्तापर्यंत त्या पाण्यापाशी कुणीच बोललेलं नाही.

खडूस_काका

हे जरा बरं वाटलं ऐकायला. डाव्या हाताचं.

आजोबांचं सांगितलं ते अर्धंच सांगितलं. सर्ज्या गेल्यावर गोठ्यात दुसरा बैल होता. आजोबा वैरण टाकायला जायचे आणि सवयीनं दोन पेंढ्या घेऊन जायचे. एक परत आणायचे. मी लहान होतो, हसायचो. ते दोन दिवस जेवले नाहीत ते लोकांनी सांगितलेलं, पेंढी मी स्वतः बघितलेली.

पण माझा मुद्दा तोच आहे. तुमच्या घोडीनं कधी लाथ मारली का? खरं जनावर लाथ मारतं.

पंचगंगातीरी

मारली की काका! मागून गेलं की मारते. व्हॅलेंटाइन नावाच्या गावाच्या चिखलात, भर बाजारात, तोंडावर पडलो. लगाम, खोगीर सगळं नीट करून दिल्यावर.

खडूस_काका

मग ठीक आहे.

टोरंटोचा_थंड_पाहुणचार

उशिरा आलो. इथल्याच एका छोट्या स्टुडिओनं २०२३ मध्ये 'वेण्बा' नावाचा गेम काढला. १९८० च्या दशकात कॅनडात आलेलं एक तमिळ जोडपं, मुलगा कविन. आईच्या आईची पाककृतीची वही, पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली, आणि आपण अंदाजानं इडलीचा स्टँड रचायचा. मी मराठी, तमिळ शून्य. पण मुलगा मोठा होत जातो तशी त्याची उत्तरं तुटक होत जातात, तिथे मला माझेच मेसेज दिसले. आई चार ओळी लिहिते, मी अंगठा पाठवतो.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्सच्या 'राजी'चं (२०२०) पण कुणी नाव घेतलं नाही. बहीण हरवलेल्या भावाला, गोलूला शोधते. लढाया मला तितक्या जमल्या नाहीत, पण राखीपौर्णिमेला ज्यांना बहिणीकडे जाता येत नाही त्यांनी जपून खेळावा.

तिरकस_तात्या

इतका वेळ टवाळी केली, आता कबुली. 'फायनल फॅन्टसी ७'. १९९७ चा, मी कॉलेजात असताना मित्राकडे खेळलो. आपल्या सोबतच्या एअरिथला सगळी चांगली शक्ती देऊन, तासन्‌तास घासून तयार केली, आणि पहिल्या डिस्कच्या शेवटी खलनायक सेफिरॉथनं मारली. तीन डिस्कचा गेम. मला खात्री होती परत येणार, इतकी मेहनत केलीय म्हटल्यावर कोण मारेल? दुसरी डिस्क संपली. तिसरी संपली. लोक तिला जिवंत करायच्या युक्त्या सांगायचे, मी प्रत्येक करून बघितली. सगळ्या थापा.

आता कुणी दहाव्याचं विचारलं तर मारीन.

पंचगंगातीरी

सगळ्यांचे आभार. कॅफेवाल्यांचं 'करावं लागायचं' आणि डॉक्टरांचं कुंपण, दोन्ही डोक्यात फिरतंय. आर्थरचं मी काही केलं नव्हतं, त्याची गोष्ट नुसती बघितली. डाउन्सला मीही मारलं होतं, पण ते तुम्ही म्हणेपर्यंत आठवलंसुद्धा नाही, हे जास्त वाईट.

काल रात्रीची गंमत सांगतो. गेम पुढे १९०७ मध्ये जातो, आता मी जॉन आहे. नवा घोडा घेतलाय, अजून नाव ठेवलेलं नाही. पण माझ्याकडे एक जुना सेव्ह निघाला, शेवटच्या मिशनच्या बराच आधीचा. उघडला. पाऊस पडत होता, कापशी झाडाखाली उभी, पोटापर्यंत चिखल.

बायको आली. म्हणाली, "परत तेच मिशन?"

म्हटलं, "नाही. खरारा करतोय."

ती बसली शेजारी. थोड्या वेळानं म्हणाली, "त्या बाजूचं राहिलंय."